संगणकाच्या गावाला : फोटोची वळकटी

बालमित्रांनो, औंढा नागनाथच्या मंदिराचा एक फोटो आहे असं समजा. हार्ड डिस्कवर त्याला जागा लागते अवघी ४ एमबी. पण फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो उघडला, की तोच संगणकाची ३६ एमबी स्मृती अडवून बसतो! पडलात ना कोड्यात?

चला, हिशोब करू. फोटो आडवा ४००० आणि उभा ३००० ठिपक्यांचा. गुणाकार केला की झाले १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा रंग किती, हे सांगायला तीन आकडे. एका आकड्याला एक बाइट. म्हणजे ३ कोटी ६० लाख बाइट, तेच ३६ एमबी. डिस्कवर ठेवताना मात्र 'जेपीईजी' पद्धतीनं त्याची वळकटी बांधतात. वळकटी कोपऱ्यात मावते. अंथरूण पसरलं की खोली भरते. ही खोली म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती, रॅम.

थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन भावांचं फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं, तेव्हा त्याला २ एमबी रॅम चालत असे. १९९४ मध्ये त्यात चित्रावर चित्राचे थर ठेवता येऊ लागले आणि १९९८ मध्ये एकामागून एक अनेक पावलं मागे जाता येऊ लागलं. सोय झाली, पण प्रत्येक थराला जागा हवी, आणि मागे जायचं तर बदलण्याआधीचा भागही जपून ठेवायला हवा.

खोली भरली तर? लग्नघरी पाहुणे वाढले, की अंथरुणं ओसरीवर जातात ना? तसंच सॉफ्टवेअर हार्ड डिस्कवर तात्पुरती फाइल करून उरलेला पसारा तिथं मांडतं. पण डिस्क रॅमपेक्षा बरीच सावकाश, म्हणून काम रेंगाळतं. डिस्कही भरलेली असेल, तर कामच अडतं. आणि लाइट गेली, की रॅमची पाटी कोरी! म्हणून काम मधूनमधून 'सेव्ह' करा.

आता पालकांनीही ऐकावं असं. अर्जासाठी लहान फोटो हवा असतो. मग घरच्या एकुलत्या एका फोटोतला मुलाचा चेहरा कापून, लहान करून, त्याच नावानं सेव्ह केला जातो. अर्ज भरला जातो, पण शेजारी बसलेले आजोबा कायमचे पुसले जातात. जेपीईजीची वळकटी बांधताना काही बारकावे टाकून दिलेले असतात, तेही परत येत नाहीत. म्हणून आधी मूळ फोटोची प्रत करा आणि कात्री त्या प्रतीवरच चालवा.

जाता जाता एक कोडं : फोटोची लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केली, तर रॅमही निम्मीच लागेल का? कागद-पेन्सिल घ्या आणि घरातल्या मोठ्यांनाही विचारा!