माशी कुठे शिंकली?

बंदुकीच्या नळीच्या टोकावर जे छोटंसं उभं पातं असतं, त्याला आपल्या जुन्या मराठीत ‘माशी’ म्हणतात. एनसीसीत आम्ही ‘फोरसाइट’ म्हणतो. नेम धरायचा म्हणजे डोळा, मागची खाच, पुढची माशी आणि टार्गेट एका रेषेत आणायचं. रेषेत सगळं आलं, श्वास धरला, ट्रिगर हळूच दाबला आणि तरीही गोळी भलतीकडेच गेली, तर माशी शिंकली कुठे? हा लेख त्याच माशीबद्दल आहे. (आणि थोडा आपल्या वर्कशॉपबद्दलही. स्टाफने राग मानू नये.)

झालं असं. सेकंड इयरला असताना आम्ही दोघं रूम पार्टनर एका कॅम्पला गेलो होतो. .२२ ची रायफल, २५ मीटरची रेंज, प्रत्येकाला पाच राउंड. आमच्या लेनवरची रायफल साऱ्या कॅम्पमध्ये ‘लेफ्टी’ म्हणून प्रसिद्ध होती, पण ते आम्हाला नंतर कळलं. पार्टनरने पाच गोळ्या मारल्या. टार्गेटचा कागद आला तेव्हा पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील एवढी जवळजवळ! फक्त ती सगळी मधल्या काळ्या गोलाच्या डावीकडे, मध्यापासून चांगली पाच सेंटीमीटर लांब. मार्क देणाऱ्याने कागदाकडे पाहिलं, मान हलवली आणि पुढचा कागद घेतला. पार्टनर टीममधून बाद. शेजारच्या लेनवरच्या एका पोराच्या गोळ्या ताटभर पसरल्या होत्या, पण दोन चुकून मध्ये लागल्या होत्या. तो सिलेक्ट झाला.

आम्ही तक्रार केली तर उस्ताद प्रेमाने म्हणाले, ‘‘अरे बेटा, इसको दो इंच दाहिने पकडना पडता है.’’ म्हणजे रायफल वाकडी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. ज्याला माहीत होतं तो उजवीकडे धरून मारायचा आणि पास व्हायचा. ज्याला माहीत नव्हतं तो ‘नेम कच्चा’ म्हणून घरी.

माझं म्हणणं साधं आहे. वाकडी माशी सरळ करायची असते, पोरांना वाकडं बघायला शिकवायचं नसतं.

आता कुणी म्हणेल, दोन इंच उजवीकडे धरलं तर बिघडलं कुठे? आपण इंजिनिअरिंगवाले आहोत, हिशोब करून बघू. २५ मीटरवर ५ सेंटीमीटर चूक म्हणजे कोनात २ मिलिरेडियन. चूक कोनाची आहे, त्यामुळे ५० मीटरवर ती १० सेंटीमीटर होणार. म्हणजे ‘दो इंच’ हा मंत्र रेंज बदलली की खोटा. शिवाय उजवीकडे धरायचं तर तिथे धरण्याजोगी काही खूण नसते, पांढऱ्या कागदावर अंदाजाने धरायचं. काळ्या गोलाखाली माशी टेकवून मिळणारी अचूकता अंदाजाला कुठून येणार?

आणि माशी किती सरकलेली असेल? पुढची माशी आणि मागची खाच यांत समजा ६० सेंटीमीटर अंतर आहे. समरूप त्रिकोण, दहावीचा धडा. ६०० मिलिमीटर गुणिले ५० भागिले २५,०००, उत्तर १.२ मिलिमीटर. बस्स! एवढ्याशा सव्वा मिलिमीटरने एका पोराचं वर्ष गेलं. रायफल कधीतरी स्टँडवरून पडली असेल, माशीला धक्का बसून ती खाचेत सरकली असेल. नीट पाहिलं असतं तर नुसत्या डोळ्यांनी दिसलं असतं.

सरकवायची कुठल्या बाजूला, हे विचारलं तर दहातले आठ जण चुकतात. मीही चुकलो होतो. गोळ्या डावीकडे जातात तर माशी उजवीकडे घ्यावी असं वाटतं. नाही! माशी चुकीच्याच दिशेला न्यायची. माशी डावीकडे सरकवली की तिला पुन्हा खाचेच्या मध्यात आणण्यासाठी नळीचं तोंड उजवीकडे वळवावं लागतं, आणि गोळी उजवीकडे येते. तसंच गोळ्या वर जात असतील तर माशी उंच करायची. मागची खाच मात्र जिकडे गोळी न्यायची तिकडेच सरकते. पटत नसेल तर पट्टीच्या दोन टोकांना दोन टाचण्या टोचा आणि हॉस्टेलच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरून बघा, पाच मिनिटांत पटेल.

पण मित्रांनो, हिशोब आला म्हणून हातोडी उचलायची नाही. आधी दोष रायफलचा की माणसाचा, हे ठरवायला हवं. ट्रिगरला झटका दिला, रायफल एका अंगाला कलली, दर वेळी गाल वेगळ्या जागी टेकवला, तरी गोळ्या भरकटतात. म्हणून त्याच रायफलवर दुसऱ्या चांगल्या नेमबाजाने त्याच गोळ्यांनी पुन्हा ग्रुप मारायचा. त्याचाही ग्रुप तेवढाच घट्ट आणि त्याच जागी आला तर रायफलवर संशय. मग स्क्रू ढिले आहेत का ते बघायचं. (निम्म्या वेळा रोग इथेच सापडावा.) मग जुन्या जागेवर बारीक रेघेची खूण करायची, म्हणजे किती हललं ते कळतं. ठोकायचं झालं तर मध्ये पितळेचा तुकडा, लोखंडावर लोखंड नाही. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा ग्रुप. आणि हे सगळं करणार आर्मरर, कॅडेट नाही. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे शस्त्र दुरुस्तीच्या धंद्यालासुद्धा परवाना लागतो, तो उगाच नाही. कॅडेटचं काम एवढंच की टार्गेटचा कागद जपून ठेवायचा आणि लेखी सांगायचं.

मोठ्या स्पर्धांत हे गृहीतच धरलेलं असतं. आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं, फायनलचा स्कोअर ४५१.४. त्या प्रकारात दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. तिथेसुद्धा मार्कांच्या गोळ्यांआधी ‘साइटर’ मारायला मिळतात. गोळी कुठे पडते ते बघायचं, साइटचा स्क्रू क्लिक-क्लिक फिरवायचा आणि मग मार्कांना सुरुवात. जगातल्या उत्तम नेमबाजालाही आधी साइट जुळवून घेऊ देतात, आणि आमच्या कॅम्पवर पहिल्यांदा रायफल हातात घेतलेल्या पोराला पाच गोळ्यांत निकाल! नेमबाजांच्या मनाची तयारी करून घेणारे भीष्मराज बाम (निधन २०१७) याच नाशिकचे. मनाची तयारी हवीच. पण सरकलेल्या माशीला एकाग्रता काय करणार?

ही गोष्ट दिवाळीच्या सुट्टीत मी काकांना सांगितली. काका अंबडला एमआयडीसीत टूलरूममध्ये आहेत, नोकरीला सव्वीस वर्षं झाली. ते हसले. म्हणाले, ‘‘तुझी लेफ्टी आमच्याकडेही आहे रे. लेथचा टेलस्टॉक ०.१ सरकला तर सेंटरमध्ये धरलेल्या जॉबच्या दोन टोकांच्या व्यासात ०.२ चा फरक पडतो. जुना ऑपरेटर असतो, त्याला माहीत असतं. तो शेवटी पॉलिश पेपर मारून जमवतो. तो रजेवर गेला की नवीन पोरगा अख्खा लॉट रिजेक्ट करून ठेवतो, आणि बोलणी कोण खातं? पोरगा.’’

‘‘मग टेलस्टॉक सरळ का नाही करत काका?’’

‘‘करतो ना. पण आधी कुणी सांगितलं पाहिजे की वाकडा आहे. जुना सांगत नाही, कारण त्यात त्याचा भाव असतो. नवा सांगत नाही, कारण त्याला वाटतं आपलंच चुकलं.’’

हे शेवटचं वाक्य ऐकून मी दोन मिनिटं गप्प बसलो. पार्टनरलाही तेच वाटत होतं ना! कॅम्पहून परत आल्यावर तो आठवडाभर म्हणायचा, ‘‘माझा डोळाच खराब आहे यार.’’ चष्म्याचा नंबरही तपासून आला.

आता आपल्या कॉलेजकडे या. कुठल्या लॅबमधला व्हर्निअर बंद केल्यावरही शून्य दाखवत नाही, कुठल्या गेजचा काटा २ वरून सुरू होतो, हे सिनिअर आपल्याला पहिल्याच आठवड्यात सांगतात. त्यासोबत अपेक्षित उत्तरही सांगतात. आपण रीडिंग ‘जुळवतो’, जर्नल सुबक होतं, सही मिळते. झिरो एरर अकरावीतच शिकलोय, मोजून वजा करता येते. पण ती लिहिलेली असेल तर! जी चूक फक्त सिनिअरच्या डोक्यात असते ती वजा होत नाही, ती पुढच्या बॅचला वारशाने मिळते. ज्या बिचाऱ्याला टपरीवरची ही माहिती मिळत नाही तो प्रामाणिकपणे खरं रीडिंग लिहितो आणि व्हायव्हात अडकतो. सरांनी अशा पोराचा ‘चुकीचा’ आलेला ग्राफ खोडण्याआधी एकदा ते उपकरण हातात घेऊन पाहावं, एवढीच विनंती. पाच बिंदू एकाच बाजूला सारखे सरकलेले दिसले तर पोराने घट्ट ग्रुप मारलाय, हे ओळखावं.

खर्चाची गोष्ट काढू नका. प्रत्येक उपकरणाला दोऱ्याने बांधलेलं एक पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर तारीख, किती चूक, कुणी पाहिली, कधी दुरुस्त झाली. स्टेशनरीत पन्नास रुपयांचं काम आहे. अंबडला प्रत्येक गेजवर तसं लेबल असतं, तारीख उलटली की गेज वापरायचा नाही.

लेफ्टीचं काय झालं? पुढच्या वर्षी आम्ही टार्गेटचा जुना कागद आणि अर्ध्या पानाचा हिशोब घेऊन गेलो. नवीन सुभेदार साहेबांनी दोन्ही वाचलं, स्वतः पडून पाच गोळ्या मारल्या आणि रायफल आर्मररकडे पाठवली. परत आली तेव्हा माशीच्या बुडाशी पितळेचा पुसटसा पिवळा डाग होता. पार्टनरचं वय आणि वर्ष दोन्ही तोवर टीमच्या नियमाबाहेर गेलं होतं. साहेबांनी त्याला तरी पाच राउंड दिले. तो कागद आमच्या रूमच्या दाराच्या आत चिकटवलेला आहे, सी विंगमध्ये आलात तर बघून जा.