दाताचा स्क्रू कुठल्या कंपनीचा, हे बिलावर लिहायला काय हरकत आहे?

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आता जुनी झाली. आता चणेही आहेत आणि दातही मिळतो. फक्त त्या दाताचं बिल बघून चणे घशात अडकतात.

मंडळी, ठाकूरद्वारपासून दादर स्टेशनपर्यंत नुसती एक चक्कर मारा. लालबाग, परळ, हिंदमाता, जिथं बघाल तिथं पहिल्या मजल्यावर पाटी: "डेंटल इम्प्लांट". चार ठिकाणी भाव विचारा. एका दाताचे २५ हजारही ऐकाल आणि ६० हजारही. फरक का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "काका, हा इंडियन, हा कोरियन, हा स्विस. लाइफटाइम वॉरंटी आहे." मग काका घरी येतात, मुलाला विरारला फोन लावतात आणि दोघं मिळून ठरवतात की महाग आहे म्हणजे चांगलंच असणार.

आणि शेवटी हातात बिल काय येतं? "इम्प्लांट, एक नग." संपलं. पाच रुपयांच्या बिस्किटावर कंपनीचं नाव, बॅच नंबर, तारीख, सगळं छापलेलं असतं. जबड्याच्या हाडात कायमची बसणारी वस्तू मात्र "एक नग".

माझं भांडण याच एका ओळीशी आहे.

आधी हा नग म्हणजे काय ते बघू, कारण ती एक वस्तू नाहीच. हाडात बसतो तो टायटॅनियमचा स्क्रू. त्याच्यावर बसतो तो जोड, ज्याला अबटमेंट म्हणतात. त्याच्यावर दातासारखी दिसणारी कॅप. हे सगळं धरून ठेवणारा एक बारीकसा स्क्रू वेगळा. शिवाय हिरडी भरेपर्यंत लावायची टोपी आणि माप घेताना लागणारे सुटे भाग. यातला हाडातला स्क्रू एका कंपनीचा, जोड दुसऱ्याच कंपनीचा आणि कॅप तिसऱ्याच लॅबमधली, असं सर्रास होतं. त्यात बेकायदा काही नाही, कित्येकदा कामही नीट होतं. पण तुम्ही पैसे "स्विस"चे मोजले आणि स्विस फक्त खालचा स्क्रू असेल, तर ते कळायला नको? दुसऱ्याचा जोड लावला की मूळ कंपनीची वॉरंटी साधारणपणे त्या जोडाला लागू होत नाही. मग "लाइफटाइम" कोणाची?

धातूचं म्हणाल तर त्या स्क्रूत एक ग्रॅमसुद्धा टायटॅनियम नसतं. शोधही कालचा नाही. स्वीडनच्या ब्रेनमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. मूळ पेटंटं केव्हाच संपली. आज आपण पैसे मोजतो ते अचूक कातकाम, वरच्या पृष्ठभागावरची प्रक्रिया, चाचण्या, ब्रँड आणि मधल्या हातांचे. त्यातल्या पहिल्या तीन गोष्टींना माझा सलाम. शेवटच्या दोघांचा हिशोब मात्र मागायला हवा.

आता जगाचा बाजार बघा. "स्विस महाग, बाकी स्वस्त" हे गणितसुद्धा आता सरळ राहिलेलं नाही. स्वित्झर्लंडच्या बासेलमधल्या स्ट्रॉमन समूहाने ब्राझीलची निओडेंट २०१५ मध्ये पूर्ण विकत घेतली. म्हणजे वरच्या भावाचा आणि मधल्या भावाचा, दोन्ही माल एकाच घरातला. नोबेल बायोकेअर ही ब्रेनमार्क यांच्या कामातून उभी राहिलेली कंपनी. ती २०१४ मध्ये अमेरिकेच्या डॅनाहरकडे गेली आणि २०१९ मध्ये तिथून निघालेल्या एन्व्हिस्टाकडे. मोठे मासे छोट्यांना गिळताहेत, मॉडेलं बदलताहेत, काही बंद पडताहेत.

याचा लालबागच्या काकूंशी संबंध काय? सांगतो. दहा वर्षांनी तो बारीक स्क्रू सैल झाला आणि कॅप हलायला लागली, तर तो आवळायला त्याच मापाचा स्क्रू-ड्रायव्हर लागतो. एकाचा जोड दुसऱ्याला बसेलच असं नाही. तोवर जुना दवाखाना हललेला असतो, डॉक्टर परदेशी गेलेला असतो. नवा डॉक्टर एक्स-रे बघून अंदाज बांधत बसतो की हे मॉडेल कुठलं. पाचशे रुपयांचं काम, पण नाव-नंबर नाही म्हणून कॅप कापून काढायची पाळी येते. कधी कधी सगळंच नव्याने. आणि भुर्दंड कोणाला? अर्थात आपल्यालाच.

दुसरीकडे काय चाललंय तेही ऐका. दक्षिण कोरियाने २०१४ मध्ये ज्येष्ठांचे इम्प्लांट सरकारी आरोग्य विम्यात घेतले. आज तिथं ६५ वर्षांवरच्या माणसाला आयुष्यात दोन इम्प्लांट विम्यातून मिळतात, खिशातून साधारण ३० टक्के. चीनने जानेवारी २०२३ मध्ये देशभरच्या सुमारे १८ हजार दवाखान्यांची मागणी एकत्र केली. त्यातले बहुतेक खासगी होते. २८ लाखांवर संचांची एकगठ्ठा बोली लावली आणि भाव सरासरी ५५ टक्क्यांनी खाली आले. बोलीत कोण होतं? हेच स्ट्रॉमन, नोबेल, कोरियाची ऑस्टेम. म्हणजे "स्वस्त म्हणजे नकली" हे तुणतुणं आता बंद करा. तोच माल, तीच कंपनी, फक्त समोर गिऱ्हाईक एकटं नव्हतं.

आपल्याकडे हे होऊच शकत नाही, असं कोणी म्हणू नये. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या औषधी स्टेंटला केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने २९,६०० रुपयांची मर्यादा घातली. त्याआधी तो लाख-दीड लाखाला गळ्यात मारला जायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्यावरही मर्यादा आली. मग दातानेच काय घोडं मारलंय? १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने "औषध" झाली. पण ज्यांच्यावर मर्यादा नाही, त्यांना नियम एवढाच की एमआरपी वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही. पहिल्या दिवशी काय छापायचं, ते कंपनीच्या मर्जीवर!

"दात म्हणजे चैन, शोभा," असं म्हणणाऱ्यांनी एकदा परळला टाटा हॉस्पिटलबाहेर उभं राहावं. तंबाखू, गुटखा, मिश्रीपायी तोंडाचा कॅन्सर झालेला माणूस जबड्याचं हाड गमावतो. पायाचं हाड घेऊन जबडा बांधून देतात, पण त्यावर दात घट्ट बसवायचे तर बऱ्याचदा इम्प्लांटच लागतो. त्याला भाकरी चावायची आहे, फोटो काढायचा नाही. आणि आपल्या चाळीतले म्हातारे? खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्याची ईपीएस-९५ ची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये. सगळ्यात स्वस्त इम्प्लांट म्हणजे अशी २५ महिन्यांची पेन्शन. मेडिक्लेम? दातासाठी बहुतेक पॉलिसी अपघात झाल्याशिवाय दारात उभं करत नाहीत.

आता डॉक्टरमंडळी रागावतील. त्यांचं म्हणणंही खरं आहे. दादरचं भाडं, स्कॅनचं मशीन, निर्जंतुकीकरण, लॅबचं बिल, वर्षानुवर्षांचं शिक्षण. चांगल्या हाताची फी घ्याच, उजळ माथ्याने घ्या. पण फी म्हणून घ्या. ती स्क्रूच्या किमतीत लपवली की जो प्रामाणिकपणे चांगला माल वापरतो आणि जो दुय्यम माल भारी नावाने खपवतो, ते दोघं रुग्णाला सारखेच दिसतात. ह्यात नुकसान प्रामाणिक डॉक्टरचंच आहे. दुसरा आक्षेप: मालाला मर्यादा घातली की पैसे दुसऱ्या रकान्यातून वसूल होतात. बरोबर आहे. म्हणूनच चीनने मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या फीलाही मर्यादा घातली. अर्धं काम करू नका, एवढाच त्याचा अर्थ.

तर मागण्या तीन.

एक: बिलात स्क्रू, जोड, कॅप आणि फी वेगवेगळी लिहा. स्क्रूच्या पाकिटात नाव-नंबरचं सोलून चिकटवायचं स्टिकर येतं. ते रुग्णाच्या कार्डावर चिकटवा. युरोपात २०२१ पासून लागू असलेल्या कायद्यात अशा इम्प्लांट कार्डाची सक्तीच आहे. याला खर्च शून्य. उद्यापासून होऊ शकतं.

दोन: किंमत प्राधिकरणाने इम्प्लांटच्या सुट्या भागांना स्टेंटसारखी मर्यादा घालावी. तोवर निदान प्रत्येक ब्रँडची एमआरपी एका ठिकाणी मराठीत वाचता येऊ द्या.

तीन: मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. राज्याची औषधखरेदी काही वर्षं परळच्या हाफकिनमधून एकत्र व्हायची, आता त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे. म्हणजे एकगठ्ठा खरेदी आपल्याला नवी नाही. इम्प्लांट तसे घ्या, भावाचा फलक दारावर लावा आणि छोट्या खासगी दवाखान्यांनाही त्या भावाने सामील होऊ द्या.

नगरसेवक हळदीकुंकवाला आणि मंडपात भेटतातच. साडीवाटपाबद्दल बोलून झालं की हेही विचारा.

आणि घरात कोणाला इम्प्लांट बसवला असेल, तर आज फाईल काढून बघा. कंपनीचं नाव आणि नंबर आहे का? नसेल तर डॉक्टरांकडून लेखी मागून घ्या, दवाखाना जागेवर आहे तोवर. कमेंटमध्ये दवाखान्याचं नाव न लिहिता फक्त "आहे" किंवा "नाही" एवढंच लिहा. किती "नाही" येतात, ते मोजूया.