फट बुजवायची, पण कशाने?

रोहिणी नक्षत्र लागले की चंद्रपूर-गडचिरोलीत शेताच्या जोडीने घराचीही घाई सुरू होते. कवेलू फेरायचे, भिंतीच्या चिरा लिंपायच्या, पत्र्याची भोके बुजवायची, उंबऱ्याखालची बिळे बंद करायची. कुडाच्या किंवा मातीच्या घरात या कामाला पैसे लागत नसत. अंगणातली माती, धानाचे तूस आणि गोठ्यातले शेण कालवले की लिंपण तयार. आता गावोगावी घरकुले उभी राहिली आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेतून माडिया आणि कोलाम कुटुंबांसाठीही पक्क्या घरांची तरतूद झाली. ही चांगलीच गोष्ट आहे. पण सिमेंटच्या भिंतीला चीर गेली किंवा स्लॅब गळू लागला की अंगणातली माती कामाला येत नाही. तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून नळी, डबा किंवा पाकीट आणावे लागते. भिंत बदलली, तसे तिचे लिंपणही बदलले. या नव्या लिंपणात काय असते, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

हे विचारणे म्हणजे फटी उघड्या ठेवा असे सांगणे नव्हे. या दोन जिल्ह्यांत फट बुजवणे हे आरोग्याचेच काम आहे. मण्यार रात्री घरात शिरते ती अशाच बिळातून आणि दाराखालच्या फटीतून. ती जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावा बहुधा दुखतही नाही. विंचू आणि उंदीर यांची वाटही तीच. गळक्या भिंतीवर बुरशी धरते आणि दमेकऱ्याचा पावसाळा कठीण होतो. तेव्हा फट बुजवावीच. फक्त कोणती आणि कशाने, हे ठरवून.

आधी कोणती ते पाहू. जमिनीलगतच्या फटी पूर्ण बंद कराव्यात. पण छताखाली, भिंतीच्या माथ्याशी राहिलेल्या मोकळ्या जागेतून चुलीचा धूर बाहेर जातो आणि उन्हाळ्यातली गरम हवाही. घरात अजून लाकडाची चूल पेटत असेल आणि वरची वाट आपण सिमेंटने किंवा फोमने बंद केली, तर साप-विंचवापेक्षा मोठा शत्रू आपणच घरात कोंडला असे होईल. घरातल्या धुरामुळे लहान मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गडचिरोलीला हे वेगळे सांगायला नको. गावपातळीवर न्यूमोनियाचे उपचार केले तर बालमृत्यू कमी होतात, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने याच जिल्ह्यात काम करून १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडले. म्हणून खालची फट बुजवा आणि वरच्या फटीला बारीक जाळी लावा.

आता कशाने ते पाहू. दुकानातले कोणतेही लिंपण हातात घेतले की दोन प्रश्न विचारावेत. ओले असताना ते हवेत काय सोडते? आणि वाळल्यावर भिंतीत काय मागे ठेवते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण सहसा नाकाला विचारतो आणि तिथेच फसतो.

सिलिकॉनचे उदाहरण घ्या. नळ्या दिसायला सारख्याच असतात. नळीतले ओले सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन घट्ट होते आणि घट्ट होताना काहीतरी बाहेर टाकते. एका प्रकारातून ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल सुटते. वास नाकात झोंबतो, डोळे चुरचुरतात, पण काही दिवसांत तो निघून जातो. दुसरा प्रकार ‘न्यूट्रल’ म्हणून विकला जातो. त्याचा वास सौम्य असतो, म्हणून तो साधा वाटतो. पण अनेक न्यूट्रल सिलिकॉनमधून मिथाइल इथाइल केटॉक्झाइम नावाचे रसायन सुटते. युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून त्याची गणना कर्करोगकारकांच्या ‘१ बी’ वर्गात केली आहे. प्राण्यांवरील पुराव्यावरून ते माणसालाही घातक ठरेल असे गृहीत धरावे, असा या वर्गाचा अर्थ. म्हणजे झोंबणारी नळी तुलनेने बरी आणि गोड बोलणारी नळी संशयाची! न्यूट्रलमध्येही ‘अल्कॉक्सी’ नावाचा प्रकार असतो. त्यातून थोडेसे अल्कोहोल तेवढे सुटते. न्यूट्रल घ्यायचेच असेल, तर तो मागावा.

पीयू फोम ही हल्लीची नवी आवड. दाराच्या चौकटीभोवती फवारला की तो फुगून फट भरून काढतो. त्यात आयसोसायनेट असतात. हे नाव ऐकले की १९८४ चे भोपाळ आठवते. फोममधले आयसोसायनेट वेगळे आहे आणि भोपाळच्या वायूसारखे झपाट्याने हवेत पसरत नाही, हे सांगायला हवे. पण ते श्वासात गेले किंवा कातडीला लागले तर काहींना दमा जडतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरले की पुढे अगदी थोडी मात्राही सोसत नाही. युरोपात ऑगस्ट २०२३ पासून, ठरावीक प्रमाणाहून जास्त आयसोसायनेट असलेला माल व्यवसायात वापरणाऱ्याला आधी प्रशिक्षण घ्यावे लागते. आपल्याकडे तोच डबा मिस्त्री उघड्या हाताने आणि तोंडाला काही न बांधता फवारताना दिसतो. चौकटीभोवतीची फट सिमेंट-वाळूने भरता येते. तिथे फोमची गरज नाही.

डांबराचे तर आपल्याला काहीच वाटत नाही. स्लॅब गळला, पत्रा चुवला की डांबर तापवायचे आणि ओतायचे. बाजारात डांबर या एकाच नावाखाली दोन वस्तू येतात. एक खनिज तेलापासूनचे बिटुमेन आणि दुसरे कोळशापासूनचे कोलतार. छत आणि रस्त्यांच्या कामातले कोलतारचे डांबर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेले. छतावर वापरतात ते हवा मारून कडक केलेले बिटुमेन तापवून लावणाऱ्यांचे कामही ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात मोडते. त्यात आपला उन्हाळा. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की छतावरचे डांबर मऊ होऊन वास मारू लागते. म्हणून डांबर घराच्या आत कधीच नको. छतावरही तापवलेल्या डांबराऐवजी पाण्यात कालवलेला ॲक्रिलिक लेप किंवा सिमेंटमध्ये मिसळायचे जलरोधक द्रव्य हा बरा पर्याय आहे.

दुसरा प्रश्न होता मागे काय राहते हा. अमेरिका-युरोपात १९५० ते १९७० च्या दशकांत इमारतींच्या सांध्यांत पीसीबी नावाची रसायने मिसळलेले लिंपण सर्रास भरले गेले. अमेरिकेने १९७९ मध्ये पीसीबीवर बंदी घातली, पण कित्येक शाळांच्या भिंतींत ते पुढेही दशकानुदशके सापडत राहिले. फट एका दुपारी भरते, पण त्यातले रसायन दोन पिढ्या घरात राहू शकते. आपल्याकडचे उदाहरण शिशाचे. नळाच्या सांध्याला सुतळी गुंडाळून सफेदा लावायची जुनी रीत आहे. सफेदा म्हणजे मुळात शिशाचे पांढरे संयुग. पिण्याच्या पाण्याच्या सांध्याला तो नकोच, टेफ्लॉनची पट्टी पुरते. प्लॅस्टिकच्या पाइपला सॉल्व्हेंट सिमेंट लावले असेल, तर ते पूर्ण वाळू द्यावे आणि नंतर सुरुवातीचे पाणी चांगले वाहून जाऊ द्यावे.

सिमेंटच्या नालीदार पत्र्याबाबत आणखी एक इशारा. यातल्या बऱ्याच पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि असे पत्रे भारतात आजही विकले जातात. पत्रा शाबूत असेपर्यंत धोका कमी असतो. पण भोक बुजवण्याआधी तो कोरडा घासला, तारेच्या ब्रशने खरवडला किंवा त्यात ड्रिल मारले, की न दिसणारे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात कायमचे बसतात. पत्रा ओला करावा, हलक्या हाताने फडक्याने पुसावा आणि वरून लेप द्यावा. घासू नये.

इतके वाचल्यावर कुणी म्हणेल, मग आपले जंगलातले, निसर्गातलेच बरे. काही बाबतीत ते खरेही आहे. मातीच्या भिंतीला मातीचेच लिंपण उत्तम. त्यातून काही उडत नाही, काही विषारी राहत नाही, आणि भिंतीतला ओलावाही बाहेर पडू शकतो. मातीच्या भिंतीवर सिमेंट थापले की ओल आत अडकते आणि भिंत पोकळ होते. पण निसर्गातले म्हणजे निर्धोक, हा हिशेब खोटा आहे. बिब्बा आपल्याच जंगलातला, आणि त्याच्या तेलाने कातडीवर कसे फोड येतात हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. चुना हाही निसर्गाचाच. पण कळी भिजवताना उडालेला थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. खिडकीच्या काचेसाठी जवसाचे तेल आणि खडूची पूड मळून केलेली लांबी हे जुने आणि चांगले लिंपण आहे. जवस तर विदर्भाचेच पीक. पण बाजारातल्या ‘बॉइल्ड’ तेलात लवकर वाळावे म्हणून धातूंची संयुगे घालतात, तेव्हा कच्चे तेल घ्यावे आणि वाळायला जास्त दिवस द्यावेत. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो.

तर सामान्य घरासाठी हिशेब असा. सिमेंटच्या भिंतीतली मोठी चीर सिमेंट आणि बारीक वाळूने भरा. केसासारखी चीर आणि चौकटीची फट पाण्यात कालवलेल्या ॲक्रिलिक सीलंटने भरा. दुकानात नळीचे नाव आठवले नाही तरी एक खूण लक्षात ठेवा. हात आणि हत्यारे पाण्याने धुवा असे नळीवर लिहिले असेल, तर ती बहुधा सौम्य आहे. थिनरने पुसा असे लिहिले असेल, तर परत ठेवा. न्हाणीघरातल्या टाइल आणि काचेसाठी व्हिनेगरच्या वासाचे साधे सिलिकॉन चालते. सिमेंटवर आणि लोखंडावर मात्र ते नको. बुरशीनाशक घातलेली नळी न्हाणीपुरतीच ठेवा, ओट्याला आणि पाण्याच्या टाकीला लावू नका. दोन रंगांचे गोळे मळून लावायचा इपॉक्सी लगदा टाकीच्या गळतीला उपयोगी आहे, पण तो उघड्या बोटांनी मळू नका. हातमोजा नसेल तर प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला. एरवी काही काळाने हाताला खाज आणि पुरळ सुरू होते.

वेळही महत्त्वाची. आपण हे काम मृगाच्या तोंडावर काढतो. मे महिन्यातली इथली हवा ठणठणीत कोरडी असते. ओलाव्यावर घट्ट होणारे सिलिकॉन त्या हवेत उलट हळू वाळते आणि जास्त दिवस वास सोडत राहते. तेवढ्यात पाऊस आला की आपण दारे-खिडक्या लावून घेतो आणि उरलेले सारे श्वासात घेतो. ॲक्रिलिकचे उलटे. ते नीट वाळण्याआधी पाऊस आला तर धुऊन जाते. म्हणून डागडुजी होळीच्या आसपास उरकावी आणि आठवडाभर खोली उघडी ठेवावी. घरात गरोदर बाई, बाळंतीण किंवा तान्हे बाळ असेल, तर तिच्या खोलीत त्या दिवसांत नळी-डबा उघडूच नये. बाळंतिणीची खोली आपण बंद आणि उबदार ठेवतो. तिथली हवा बदलायला दिवस लागतात.

हे सारे प्रमाणात घ्यायला हवे. आयुष्यात दोन-चार नळ्या वापरणाऱ्याने घाबरून जावे असे काही नाही. चुलीचा धूर आणि दाराखालची मण्यार यांच्यापुढे हा धोका लहान आहे. पण जो मिस्त्री, प्लंबर किंवा रंगारी रोज पाच घरांत हेच हाताळतो, त्याच्यासाठी तो लहान नाही. घरमालकाने स्वस्त डांबराऐवजी पाण्याचा लेप निवडला, तर त्याचा सर्वांत मोठा लाभ त्या मजुरालाच होतो. हातमोजे आणि मास्क यांचा खर्च मजुरीत धरावा. त्याची मेहेरबानी मानू नये.

आणि हा भार एकट्या ग्राहकावर टाकूनही चालणार नाही. घरगुती रंगातले शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम देशाने केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. मग लिंपणातून काय उडते, हे नळीवर ठळक मराठीत छापायला लावणे अशक्य का असावे? घरकुलाच्या अंदाजपत्रकात सिमेंट-लोखंडाचा हिशेब असतो, तसा डागडुजीला कोणता लेप वापरावा याचाही उल्लेख असावा. शिवाय या जिल्ह्यांत बांबू आणि तेंदूपानांचा व्यवहार स्वतः करणाऱ्या ग्रामसभा आहेत. व्यापाऱ्याशी भाव ठरवणारे गाव हार्डवेअरवाल्याशीही ठरवू शकते. आम्हाला पाण्यातला लेप हवा, सगळ्या गावाचा एकदम घेऊ, असे गावाने सांगितले तर दुकानदार तो नक्की ठेवेल. अंगणातली माती फुकट होती आणि ओळखीचीही. नव्या लिंपणाला पैसे मोजावे लागणारच असतील, तर निदान ते ओळखीचे तरी करून घेऊ.