कालच्या पोळीचा ब्रेकफास्ट

फ्रीलान्सरचं ऑफिस म्हणजे कॅफे, हे आता जगजाहीर आहे. गेल्या महिन्यात अंधेरी वेस्टच्या अशाच एका चकाचक कॅफेत मी क्लायंटची वाट बघत बसले होते. सकाळचे साडेनऊ. पोटात कावळे ओरडत होते म्हणून फ्रेंच टोस्ट मागवला. किंमत साडेतीनशे रुपये, अधिक टॅक्स. समोर आला तो अंड्या-दुधात बुडवून तव्यावर परतलेला पाव. वर स्ट्रॉबेरीची एक चकती, अगदी नवऱ्यामुलीच्या कपाळावरच्या टिकलीसारखी.

क्लायंट यायला उशीर होता, म्हणून मी आपली फोनवर वाचत बसले. तर या फ्रेंच टोस्टला खुद्द फ्रान्समध्ये म्हणतात ‘पँ पेर्द्यू’. अर्थ काय, तर वाया गेलेला पाव! म्हणजे कालचा, वाळलेला, टाकून देण्याच्या लायकीचा पाव वाचवायची ही युक्ती. मला एकदम हसूच आलं. साडेतीनशे रुपये मोजून मी फ्रेंचांची फोडणीची पोळी खात होते!

फोडणीची पोळी तुमच्याकडे होते ना? कुणी तिला कुस्करा म्हणतं, कुणी पोळीचा चिवडा, कुणी कुटके. नाव काहीही असो, कृती एकच. रात्रीच्या उरलेल्या पोळ्या हातानेच कुस्करायच्या. मिक्सर लावलात तर भुगा होतो, म्हणून हातच. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हिरवी मिरची, शेंगदाणे, मग कांदा. कांदा गुलाबी झाला की कुस्करलेली पोळी, मीठ, चिमूटभर साखर. पाण्याचा एक हबका, झाकण, एक वाफ. वरून कोथिंबीर आणि ओलं खोबरं. बाजूला दही असेल तर सोन्याहून पिवळं.

गंमत म्हणजे ही डिश ताज्या पोळीची करताच येत नाही. यामागे चक्क सायन्स आहे. पोळी गार होऊन काही तास राहिली की तिच्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, त्यामुळे तुकडे मोकळे राहतात. ताजी पोळी टाकलीत तर लगदा ठरलेला. फ्राइड राइसला आदल्या दिवसाचा भात लागतो, तोही याच कारणाने. श्रीलंकेत रस्त्यावर खटाखट पाती आपटत रोटीचे तुकडे करून ‘कोट्टू’ करतात, तीही आपल्या कुस्कऱ्याची लांबची बहीणच. थोडक्यात, शिळं संपवण्याची अक्कल कुठल्या एका देशाची मक्तेदारी नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई आज एवढी शिळ्या पोळीवर का घसरली? कारण आहे. सांगते.

माझं घर मुलुंड ईस्टला. म्हणजे होतं. अंधेरीला मी दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते, पण ‘घर’ म्हटलं की मुलुंडची ती तीन मजली, लिफ्ट नसलेली बिल्डिंग. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. सबर्ब्जमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. बोरिवली असो की घाटकोपर, प्रत्येक गल्लीत एक बिल्डिंग हिरव्या जाळीत गुंडाळलेली असतेच. नवीन घरात एक खोली जास्त मिळणार, लिफ्ट मिळणार, आजीचे जिने वाचणार. सगळं चांगलंच आहे. तरी चावी द्यायची तारीख ठरली आणि माझ्या पोटात काहीतरी हललं.

आणि आठवायला काय लागलं? तर सकाळी नाकात शिरणारे वास! ‘पॉम पॉम’ भोंगा वाजवत येणारा सायकलवरचा पाववाला. खालच्या दुकानातल्या गिरणीतून येणारा गरम पिठाचा वास. आजीच्या मऊभातावर पडणारं मेतकूट आणि तूप. बाबांच्या आठवणी अजून मागच्या. गोरेगावच्या आरे कॉलनीचं दूध काचेच्या बाटल्यांतून यायचं, रंगीत झाकणांचं, आणि ते आणायला पहाटे केंद्रावर रांग लावणं हे त्यांचं काम. पंडित नेहरूंच्या हस्ते १९५१ साली सुरू झालेल्या त्या दूध कॉलनीने निम्म्या मुंबईच्या चहात दूध घातलं, असं बाबा अभिमानाने सांगतात. जणू गोठा त्यांचाच होता!

माझ्या पिढीचा वास वेगळा. २०१४ च्या जूनमध्ये घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो सुरू झाली आणि त्याच वर्षी मी पार्ल्याच्या कॉलेजात अकरावीला गेले. ३४० नंबरच्या बसला लटकण्यातून सुटका झालेली आम्ही पहिली बॅच. अंधेरीला लोकल पकडून पार्ला आलं की बिस्किटं भाजल्याचा तो गोडसर वास! पार्ले कंपनीचा १९२९ साली सुरू झालेला तो कारखाना. बारावी संपली आणि त्याच वर्षी, २०१६ मध्ये, तिथलं उत्पादन थांबलं. बिस्किटं अजूनही सगळीकडे मिळतात, वास मात्र गेला.

पाववाल्याचंही आता तसंच काहीसं. मुंबई हायकोर्टाने ९ जानेवारी २०२५ ला, हवेच्या प्रदूषणाच्या सुनावणीत, लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावं असा आदेश दिला. लाकडाच्या भट्टीतल्या पावाची चव वेगळी, यावर मी तासभर भांडू शकते. पण त्या भट्टीपुढे रोज धूर गिळत उभा राहणारा कारागीर मी नाही, हेही तितकंच खरं.

मी हे सगळं, थोडं हळवं होऊन, सामान बांधता बांधता आईला ऐकवत होते. ‘आई, काय मस्त होत्या ना गं आपल्या सकाळी! साधा नाश्ता, सगळं घरचं, काही कॉम्प्लिकेटेड नाही...’

आई पेपरात कप गुंडाळत होती. थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘मला नाही बाई त्या सकाळींची आठवण येत.’

मी गप्प.

‘पाच वाजता उठायचे मी. चार डबे, तुझी वॉटरबॅग, आजींचा मऊभात, बाबांचा चहा. सात बावन्नची लोकल चुकली की ऑफिसात लेटमार्क. फोडणीची पोळी मी आवडते म्हणून करायचे का? दहा मिनिटांत होते आणि कालच्या पोळ्या संपतात म्हणून करायचे. तुम्ही बसून खायचात. मी ओट्यापाशी उभी राहून दोन घास खायचे, तेही जमलं तर.’

मी आठवून बघितलं. खरंच, टेबलाशी बसून नाश्ता करणारी आई मला आठवेचना. एकही सकाळ नाही! आमचं टेबल चौघांचं होतं. चौथ्या खुर्चीवर कायम माझं दप्तर असायचं.

तेव्हा मला कळलं की आपण ज्याला ‘साधा नाश्ता’ म्हणतो, तो खाणाऱ्यासाठी साधा असतो. थालीपिठाची भाजणी घ्या. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरे, हे प्रत्येक वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. मग गार करून गिरणीत, ‘जरा जाडसर दळा हो’ असं बजावून. यातलं ‘साधं’ काय आहे? १९९४ साली केलॉग्ज भारतात आलं तेव्हा वाडग्यात ओतलं की झालं, हा केवढा मोठा दिलासा असणार नोकरी करणाऱ्या बायकांना! आपल्याकडे दूध गरमच घ्यायची सवय, त्यामुळे कुरकुरीत पोह्यांची खीर व्हायची, ती गोष्ट वेगळी.

आईचं ऐकून मी जरा शहाणी झाले. सेंटी होणं बंद करून वही काढली आणि आजीपाशी बसले. आजी ८४ वर्षांची. आता ओट्याशी उभं राहवत नाही, पण स्टूलवर बसून सूत्रं हलवते. म्हटलं, आजी, भाजणीचं प्रमाण सांग. तर म्हणाली, ‘ज्वारी दोन वाट्या.’ कुठली वाटी? ‘आपली वाटी गं!’ म्हणजे कपाटातली काठ चेपलेली पितळेची. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त सगळी प्रमाणं वाटी-चमच्यांत बसवली म्हणून घराघरांतल्या नवशिक्या सुना तरल्या. पण आमच्या आजीची वाटी कुठल्याच पुस्तकात नाही. मी तिच्यात पाणी भरून किचनच्या वजनकाट्यावर ठेवलं. भरलं १८० ग्रॅम, म्हणजे १८० मिली. वहीत लिहिलं, आजीला दाखवलं. तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, ‘बरोबर असेल. पण वास आला की उतरवायचं, ते लिही.’ लिहिलं.

चावी द्यायचा दिवस रविवार. पाइपचा गॅस शनिवारी दुपारी बंद करून घेतला. त्याआधी आईने शेवटच्या म्हणून वीस पोळ्या लाटल्या. संध्याकाळी सगळ्या पोळी-भाजीवर तुटून पडले, तरी आठ उरल्याच. रविवारी सकाळी बघतो तर घरात काही म्हणजे काही करता येण्यासारखं नाही. गॅस नाही, कढई खोक्यात, मिसळणाचा डबा कुठल्या खोक्यात ते देव जाणे. पॅकर्सवाले साडेनऊला येणार. बाबा म्हणाले, ‘खालून इडली आणतो.’ आजी म्हणाली, ‘कशाला? पोळ्या आहेत ना.’

गूळ सापडला. तुपाची बरणी आजीने प्रवासाच्या पिशवीतच ठेवली होती, ती निघाली. बाबांनी टपरीवरून किटलीत कटिंग आणली. फोडणी नाही, वाफ नाही. पोळी, गूळ, तूप, सुरळी, आणि चहात बुडवायला एक कोरी. टेबल आधीच खोलून ठेवलं होतं, म्हणून आम्ही खोक्यांवर बसलो. आजी स्टूलवर, बाबा ‘नाजूक सामान’ लिहिलेल्या खोक्यावर (काहीतरी कर्रकन वाजलंही), मी गादीच्या वळकटीवर.

आणि आई पुस्तकांच्या खोक्यावर. हातात बशी घेऊन. ओट्यावर करण्यासारखं काही नव्हतंच, त्यामुळे तिला उठायचं काही कारण नव्हतं. दोन सुरळ्या खाल्ल्या, चहा बशीत ओतून प्यायली. मग म्हणाली, ‘अजून आहे का गं एखादी?’

त्या घरातला आईचा हा पहिला बसून केलेला नाश्ता. आणि शेवटचाही.

परवा रविवारी अंधेरीच्या फ्लॅटवर मी फोडणीची पोळी केली. पोळ्या करणाऱ्या मावशींना शनिवारीच चार जास्त करायला सांगितल्या होत्या. रूममेट्सनी ‘सॉलिड आहे यार’ म्हणत संपवली. फोटो आजीला पाठवला. ते सगळे आता ठाण्याला भाड्याच्या घरात आहेत. लगेच फोन आला.

‘पोळी कालचीच होती ना?’

‘हो आजी.’

‘मग ठीक. आणि हे बघ, येत्या रविवारी इकडे ये. येताना तुझ्याकडे नेलेली वाटी आण, आणि पोळ्याही. तुझ्या आईला करून घाल.’

मावशींना सांगून ठेवलंय. शनिवारी आठ जास्त.