लसीकरण : आदेशापलीकडचे उत्तर

पोलिओविरोधी पहिला राष्ट्रीय लसीकरण दिन ९ डिसेंबर १९९५ रोजी पार पडला, तेव्हा मी उत्तर बिहारमधील एका जिल्ह्याचा जिल्हाधिकारी होतो. केंद्रावर एका आईने मला विचारले, ‘‘साहेब, बाळाचे तिन्ही डोस झाले आहेत. मग आज पुन्हा कशासाठी?’’ मी म्हणालो, ‘‘सरकारचा आदेश आहे.’’

बाळाला डोस मिळाला, आईला उत्तर मिळाले नाही. खरे उत्तर असे होते की, अतिसाराचे प्रमाण अधिक असलेल्या दाट वस्त्यांत तोंडावाटे दिलेल्या या लसीचा प्रत्येक डोस लागू पडतोच असे नाही. शिवाय सर्व मुलांना एकाच वेळी डोस दिल्याने विषाणूला आसरा उरत नाही. देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला. तोवरच्या वर्षांत, जिथे आमची उत्तरे पोहोचली नाहीत, तिथे अफवा पोहोचल्या.

लसीविषयीच्या शंकेला अज्ञान म्हणून झटकून टाकण्याची प्रशासनाची सवय जुनी आहे. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे प्लेगची लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सर्वांना एकाच दूषित बाटलीतील लस टोचली होती. त्यानंतर लोक बिचकले, यात नवल ते काय? भीतीलाही इतिहास असतो आणि तिचे निरसन वटहुकमाने होत नाही.

आजही लसीकरण सत्रात विचारले जाणारे प्रश्न साधे आणि रास्त असतात. जन्मल्याबरोबर ‘ब’ कावीळची लस कशासाठी? कारण प्रसूतीच्या वेळी आईकडून संसर्ग होऊ शकतो आणि नवजात बालकात तो बहुधा जन्मभर राहतो. म्हणून पहिले २४ तास मोलाचे. मग गोवराची लस नऊ महिन्यांनी का? आईकडून आलेली प्रतिपिंडे त्याआधी लसीचा प्रभाव कमी करतात. फार थांबावे, तर मूल उघडे पडते. पहिल्या डोसाने काही मुलांत संरक्षण निर्माण होत नाही, म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा. तारीख चुकली तर? आधीचे डोस वाया जात नाहीत. जिथे थांबलो तिथून पुढे जायचे. मात्र काही लसींना वयाची मर्यादा असल्याने विलंब टाळावा. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलण्याचेही कारण नसते.

आणि मोठ्यांचे काय? गर्भवतींना धनुर्वात-घटसर्पाची लस राष्ट्रीय कार्यक्रमातून मिळते. परंतु वृद्ध, मधुमेही, हृदयरोगी यांना इन्फ्लुएन्झा वा न्यूमोकोकसपासून होणारा धोका अधिक असूनही त्यांची लस बव्हंशी त्यांच्या खिशावर आणि डॉक्टरांच्या आठवणीवर सोपवलेली आहे. कोविडकाळात आपण कोट्यवधी प्रौढांपर्यंत पोहोचलो. तो अनुभव कायमस्वरूपी प्रौढ लसीकरणाच्या चौकटीत मात्र उतरला नाही.

दुसरी उणीव स्थलांतरितांची. वीटभट्टीवर वा बांधकामावर आलेल्या कुटुंबाचे लसीकरण कार्ड गावी राहते आणि मूल दोन्हीकडच्या यादीतून गळते. ‘यू-विन’ या डिजिटल नोंदीमुळे एका राज्यातील डोस दुसऱ्या राज्यात दिसू शकतो. पण भट्टीपर्यंत चालत जाणारी आरोग्यसेविका असेल, तरच त्या नोंदीला अर्थ आहे.

माझ्या सेवाकाळात जिल्हा आढाव्याच्या तक्त्यात किती डोस आले, किती दिले, किती वाया गेले, असे रकाने असत. पुढचा डोस कधी आणि कशासाठी, हे किती मातांना ठाऊक आहे, असा रकाना कधीच नव्हता. तो मी सहज घालू शकलो असतो; घातला नाही. आज त्या खुर्चीत बसलेल्यांनी तो घालावा आणि आरोग्यसेविकेला उत्तर देण्याइतका वेळ मिळेल, अशी सत्रांची आखणी करावी.