चामडं एकच, पंगती दोन

तबल्याची पुडी बकऱ्याच्या चामड्याची. हलगीवर ताणलेलं चामडंही बहुतेक बकऱ्याचंच. मग मित्रांनो, तबला 'शास्त्रीय' आणि हलगी 'गावंढळ' कशी झाली? बकऱ्यानं तर कुणाची जात विचारली नव्हती!

प्रस्थापितांचं उत्तर ठरलेलं : कलेला जात नसते, दर्जा असतो. ठीक. पण हा दर्जा मोजला कुठल्या तराजूत? आणि तो तराजू कुणाच्या दुकानातला?

पिएर बोर्द्यू हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ. खेड्यातल्या टपाल कर्मचाऱ्याचा पोरगा. त्यानं १९६३ मध्ये आणि पुन्हा १९६७-६८ मध्ये मिळून १,२१७ माणसांना विचारलं : संगीत कुठलं आवडतं, चित्र कुठलं, पाहुण्याला जेवायला काय वाढता. १९७९ साली त्याचं पुस्तक आलं. त्यात त्यानं दाखवलं, की आवड आभाळातनं पडत नाही. बापाचा धंदा आणि पोराची शाळा ती घडवते. ज्याला वारसा घरबसल्या मिळाला, तो म्हणतो मी जन्मजात रसिक. ज्याला नाही मिळाला, तो स्वतःलाच अडाणी समजून गप बसतो. खरा मार इथं बसतो, आणि वळ कुठं दिसत नाही.

हा झाला फ्रान्समधला वर्ग. आपल्याकडं जात हाये. इथं आवडीबरोबर विटाळही वाटून दिलाय.

तामिळनाडूतला मृदंगम् बघा. त्याला गाय, म्हैस, बकरी अशी तीन चामडी लागतात. वाजवणारे नामवंत बहुतेक ब्राह्मण. चामडं पारखणारे, ताणणारे, नाद जुळवणारे पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक दलित ख्रिश्चन. कान दोघांचाही तयार. पण एक 'कलावंत' आणि दुसरा 'कारागीर'! गायक टी. एम. कृष्णा यांनी ह्या कारागिरांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिलं. २०२० मध्ये त्याच्या प्रकाशनाला दिलेलं सभागृह चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेनं ऐनवेळी काढून घेतलं. विषय राजकीय म्हणे! म्हणजे गाईचं चामडं वाजवलं की संस्कृती, आणि ते येतं कुठनं हे लिहिलं की राजकारण.

आम्ही गिरणीत कापड विणतो. ताक्यावर छाप मालकाचा, विणणाऱ्याचं नाव कुठंच नाय. मृदंगम्‌चा हिशेबही तोच.

त्याच तामिळनाडूत परई नावाचं वाद्य आहे. ते वाजवणाऱ्या जातीच्या नावावरनं इंग्रजीत 'पॅरिया' हा शब्द गेला, अर्थ बहिष्कृत. तिथल्या दलित पोरांनी मयताला परई वाजवायची सक्ती झुगारली, आणि तीच परई मोर्चात उचलली. वाद्य तेच, हुकूम बदलला.

आपल्या बापजाद्यांनी गावकीची हलगी टाकली, ते बरोबरच केलं. आता तीच हलगी महोत्सववाले 'लोककला' म्हणून बोलावतात. हेच लोक आपल्या कवितेला म्हणतात, अनुभव दांडगा पण कलात्मकता कमी. त्यांच्या शाबासकीनं फुगू नका, नाकं मुरडण्यानं खचू नका.

निमंत्रण आलं की तीन प्रश्न विचारा. निवड समितीवर आपलं कोण? मानधन तबलजीइतकं का? पत्रिकेवर वाजवणाऱ्याचं आणि वाद्य बनवणाऱ्याचं नाव आहे का?

उत्तर मिळेपर्यंत हलगी शेकायला घेऊ नका.