सातबारा आणि पाणवठा

जमीनमालकांना विश्वासात घ्या. त्यांच्याशी बोला, त्यांना पटवा, त्यांच्या हातावर दोन पैसे ठेवा, मग नदीचं पाणी सुधारेल. हे आता साहेब सांगतात, संस्थावाले सांगतात, आणि आपल्यातले चार बुकं शिकलेले दोस्तही मान डोलवतात. मित्रांनो, मान डोलवायच्या आधी जरा थांबा. हे बोलणं खोटं नाही. पण ते अर्धंच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात आपली वस्ती आहे.

आधी त्यातलं खरं काय ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसता बोंबलतोय.

आपली तेरणा बालाघाटाच्या पठारावर उगवते, तेरवरून जाते, माकणीच्या धरणात अडते आणि पुढं मांजरेला मिळते. मांजरा गोदावरीला. पलीकडं भूम-परांड्याचं पाणी सीनेला, नळदुर्गाकडचं बोरीला, आणि तिथून भीमेला. एकाच जिल्ह्यात पाऊस पडतो आणि बालाघाटाच्या पाठीवर त्याची दोन नद्यांत वाटणी होते. ज्या रानावरचा थेंब ज्या ओढ्याला येतो ते सगळं रान त्या ओढ्याचं पाणलोट. आता रान कुणाचं? सातबाऱ्यावर नाव ज्याचं त्याचं. त्यानं ओढ्याच्या काठापर्यंत नांगर घातला की पहिल्याच वळवात काळी माती ओढ्यात. उसाला युरियाची पोती ओतली की पिकाला लागतो तेवढा लागतो, बाकीचा नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतो. फवारणीचा पंप ओढ्यात धुतला, उकिरडा विहिरीच्या काठाशी रचला, कुण्या कारखान्यानं रात्रीची मळी नाल्यात सोडली, की झालं. नदीची घाण नदीत तयार होत नाही, वर रानात होते. म्हणून रानवाल्याला धरल्याशिवाय पाणी सुधारत नाही, हे कबूल.

नायट्रेटचं आणखी थोडं ऐका, कारण हे आपल्या सभांत कुणी बोलत नाही. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, असं सरकारी प्रमाण आहे. जास्त झालं आणि तान्ह्या पोराच्या वरच्या दुधात ते पाणी गेलं, तर पोराचं रक्त प्राणवायू धरत नाही, पोर निळं पडतं. हे विष दिसत नाही, त्याला वास नाही. पाणी उकळलं तरी जात नाही, उलट आटून दाट होतं. ग्रामपंचायतीचा शिपाई टीसीएल पावडर टाकतो, तिनं जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं. ज्याच्या खिशात रोजचे पैसे आहेत तो मशीनच्या पाण्याचा जार आणतो. बाकीच्यांना हातपंप.

आता उरलेलं अर्धं.

मागल्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा अशीच एक बैठक लागली होती. मारुतीच्या पारावर सतरंजी, पुढं खुर्च्या. साहेब म्हणाले, ज्यांचा सातबारा आहे त्यांनी पुढं या. माझी आई वस्तीतल्या बायांसंगं मागं उभी होती. तिनं विचारलं, "सायेब, जिच्याकडं नुस्ती घागर हाय तिनं कुठं बसायचं?" लोक हसले. साहेबही हसले. म्हणाले, "मावशी, हा विषय शेतकऱ्यांचा आहे."

विषय शेतकऱ्यांचा! अरे, त्या उसाला युरिया टाकणारे हात तिचे. बुडाशी वाकून मुठी-मुठीनं खत टाकायचं काम वस्तीतल्या बाया रोजंदारीवर करतात. कुठल्या बागायतदारानं एकरी किती पोती ओतली हे त्याच्या वहीपेक्षा तिला पक्कं ठाऊक. संध्याकाळी त्याच हातानं ती हातपंप हापसते. म्हणजे घालायलाही तीच, प्यायलाही तीच, फक्त बैठकीला ती नाही. पाणलोटाचा अभ्यास करणाऱ्या शहाण्यांना एवढा जिवंत पुरावा समोर उभा दिसला नाही. दिसला असेल, पण तो खुर्चीवर बसणारा नव्हता.

खरं सांगायचं तर जातीला पाणलोटाचं शास्त्र साहेबांच्या कितीतरी आधी कळलेलं होतं. नदीवर वरच्या अंगाला पाटला-कुणब्यांचा पाणवठा, त्याखाली गुरं, आणि सगळ्यांच्या खाली महार-मांगांचा. पाणी उताराला वाहतं हे गावगाड्याला पुरतं माहीत होतं, म्हणून तर आमचा आजा उताराला. वरच्यांनी अंघोळ केलेली, धुणं धुतलेलं, गुरं डुंबलेली, ते सगळं वाहून आमच्या घागरीत. आणि वर आम्हीच बाटवणारे.

महाडचं आठवा. १९२३ ला बोल्यांचा ठराव, १९२४ ला नगरपालिकेनं तळं खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्याचं पाणी प्याली. मग सवर्णांनी काय केलं? दही, दूध, शेण, गोमूत्र कालवून १०८ घागरी तळ्यात ओतल्या आणि पाणी शुद्ध झालं म्हणाले. पाण्याची गुणवत्ता सुधारायची मोहीम म्हणा ना तिला! आज कुठल्याही प्रयोगशाळेत तो नमुना नेला असता तर पिण्यास अयोग्य असाच शेरा आला असता. पुढं हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला, दहा वर्षं गेली. मला ह्यातून एवढंच दिसतं की आपल्या देशात शुद्ध आणि स्वच्छ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि पाणी सुधारायला निघालेल्या प्रत्येकाला आपण पहिल्यांदा विचारलं पाहिजे, बाबा रे, तू ह्यातलं नेमकं काय करणार आहेस.

कायदाही बघा कुणाच्या बाजूनं उभा आहे. १८८२ चा वहिवाट हक्काचा इंग्रजी कायदा, त्याच्या आधारानं जमीन ज्याची तिच्याखालचं पाणी त्याचं, असं चालत आलं. म्हणजे बिनजमिनीच्याला जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही आणि जमिनीखालीही थेंब नाही. २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला, पाणी वापर संस्था आल्या. सभासद कोण? लाभक्षेत्रात जमीन धारण करणारा आणि कसणारा. आमची वस्ती लाभक्षेत्रात येते, पण लाभात येत नाही. २००९ चा भूजल कायदा, जो २०१४ मध्ये लागू झाला, त्यात मात्र कामाच्या गोष्टी आहेत. साठ मीटरपेक्षा खोल बोअर पाडायला मनाई आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत दुसरी विहीर नको, हे तर १९९३ च्या कायद्यापासून आहे. सांगा, कुठल्या गावात पाळलं जातं? बोअरची गाडी रात्री येते, सकाळी निघून जाते, आणि पंधरा दिवसांनी वस्तीचा हातपंप हवा ओकतो.

पैशाचंही बोलू. जलयुक्त शिवारावर ९,६३३ कोटी खर्च झाले, आणि २०२० साली कॅगनं लिहिलं की भूजलाची पातळी वाढवण्यात ह्या कामांचा फारसा उपयोग झाला नाही. अनुदान बहुतेक सगळं सातबाऱ्याच्या वाटेनं जातं. शेततळं त्याचं, ठिबक त्याचं, प्लास्टिकचा कागदही त्याचा. कितीतरी शेततळी पावसानं नाही, बोअरच्या पाण्यानं भरतात; जमिनीच्या पोटातलं सगळ्यांचं पाणी वर काढायचं आणि एकट्याच्या कागदात साठवायचं, त्यालाही योजनाच म्हणतात. राज्यात जेमतेम चार टक्के पिकावर ऊस, आणि सिंचनाच्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त तोच पितो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली ती आपल्याच जिल्ह्यातून गेली. आपली माणसं रुळाच्या कडेला रिकाम्या घागरी घेऊन तिच्याकडं बघत होती. त्याच्या आदल्या वर्षीही ऊस लागलाच होता.

कुणी म्हणेल, परदेशातही जमीनमालकाला पैसे देऊनच पाणी सुधारलं. दिलेत. न्यूयॉर्क शहरानं १९९७ ला वरच्या कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी करार केला. शेणाची व्यवस्था करा, ओढ्याकाठी गवताचा पट्टा सोडा, खर्च शहर देईल. गाळणीचा अवाढव्य कारखाना उभारण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं. पण तिथं खाली पाणी पिणारं कोण होतं? न्यूयॉर्क. त्याच्या हातात पैसा होता, कायदा होता, म्हणून वरच्यांना टेबलाशी बसावं लागलं. आपल्याकडं खाली पिणारी कोण? घागरवाली. तिचं ऐकायला कुणाला काय गरज पडलीय? पैसे द्यायला माझा विरोध नाही. दोन-तीन एकरवाला कोरडवाहू शेतकरी कर्जात मेलाय, त्यानं ओढ्याकाठचा पट्टा फुकट का सोडावा? त्याला द्या. पण पैसे मिळण्याआधी त्याच्या शेताखालच्या वस्तीची सही लागेल अशी अट घाला. मग बघा, कोण कोणाला विश्वासात घेतं ते.

आता आपल्या घरातलं भांडण. मी सोलापूरला सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. धागा तुटू नये म्हणून आमच्या खात्यात चोवीस तास पाण्याचा फवारा चालतो, धाग्याला ओल पाहिजे. आम्हाला पाणी प्यायचं तर पाळीत दोनदा बाहेरच्या नळावर. तर रात्रपाळीनंतर चहाच्या गाड्यावर हा विषय काढला की आपलेच कार्यकर्ते म्हणतात, "लेका, आपल्याला जमीनच न्हाई, पाणलोटाशी आपला काय संबंध? हे संस्थावाल्यांचे धंदे." वीस मार्चला हेच दोस्त बस भरून महाडला जातात, तळ्याचं पाणी ओंजळीत घेतात, फोटो काढतात. गावातल्या हातपंपाचं पाणी एकदा तरी तपासून घेतलं का, विचारा. गप्प.

आणि जमीन नाही हेही पूर्ण खरं नाही. पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडं करायचं असतं, हे प्रत्येक सरकारी पुस्तकात लिहिलंय. माथ्यावर काय आहे? बहुतेक गावांत गायरान आहे, माळ आहे. आणि ते गायरान कुणी कसलंय? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, मराठवाड्यातल्या आपल्या माणसांनी दगड वेचून माळ फोडला, मार खाल्ला, पिकं पेटवून घेतली. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे, १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचा. अजून किती घरं फाईल घेऊन तहसिलाच्या पायऱ्या झिजवतात! नावावर होत नाही म्हणून त्यांच्या रानात समतल चर नाही, बांध नाही, झाड नाही. माथा उघडा, आणि पायथ्याला बैठका. आता तर सौर पॅनेलसाठी तेच गायरान मागायला लागलेत. म्हणून मी म्हणतो, तेरणेचं पाणी सुधारायचंय ना? आधी माथ्यावरच्या माणसाच्या नावावर माथा करा. तो पण जमीनमालकच आहे, फक्त तुमच्या यादीत नाही.

हे हवेतलं बोलत नाही. पुरंदरच्या नायगावात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणशी. माणशी अर्ध्या एकराचं, घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. दुसरं उदाहरण तर आपल्या गिरणीवाल्यांचंच. १९८२ च्या मुंबईच्या संपातले कामगार सांगलीच्या खानापूर तालुक्यात गावी परतले. गावात दुष्काळ. तिथं भारत पाटणकरांबरोबर मुक्ती संघर्ष उभा राहिला. येरळेची वाळू ठेकेदार उपसत होते, लोकांनी विचारलं, वाळू कुणाची? तीच वाळू विकून बळीराजा धरण बांधलं, आणि पाण्याचा वाटा घराघराला, भूमिहीनालाही. जे संप हरले म्हणून आपण रडतो त्यांनी नदी जिंकली होती, हे कुणी शाळेत शिकवत नाही.

बाबासाहेबांचं नाव घेतोच आपण, तर पूर्ण घेऊ. १९४२ ते ४६ मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याची योजना, नद्यांसाठी मध्यवर्ती आयोग, ही कामं त्यांनी हाताळली. नदी म्हणजे उगमापासून मुखापर्यंत एक, तुकड्यांची नाही, हे त्यांनी सरकारी टेबलावर मांडलं. आणि २२-२३ फेब्रुवारी १९४१ ला ते आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला आले होते, महार-मांग वतनदारांच्या परिषदेला. म्हणजे जमिनीचा तुकडा आणि त्यापायी गळ्यात आलेली गुलामी, ह्याचं बोलणं ह्याच मातीत झालंय. पाण्याचं बोलणं तिथंच पुढं न्यायला हरकत काय?

कामाचं सांगतो. जलजीवन मिशनखाली गावोगावी पाणी तपासायची पेटी आलीय, पाच-पाच बायांना शिकवायचं ठरलंय. ती पेटी बहुधा ग्रामपंचायतीच्या कपाटात असते. मागा. त्या पाच जणींत वस्तीतल्या किती, विचारा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाण्याच्या जागांची पाहणी होते, गावाला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं, आणि ते देताना वस्तीचा हातपंप बघितला की नुसती गावातली टाकी, तेही विचारा. नायट्रेटचा नमुना तालुक्याच्या प्रयोगशाळेत द्या, पावती घ्या. जंतूंसाठी छोटी बाटली असते, पाणी भरून ठेवायची; एक-दोन दिवसांत काळी पडली तर त्या पाण्यात विष्ठा आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला ती बाटली घेऊन जायचं. वर चिकटपट्टी लावून हातपंपाची जागा आणि तारीख लिहायची, आणि ती सरपंचाच्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवायची.